पाय उभ्यानेच बघावा

माझ्या ओपीडीत पायाच्या नसांची तक्रार पहिली म्हणून क्वचितच येते. हिंगोलीतलं माझं काम जनरल सर्जनचं. बाई येते पोटदुखीचं सांगायला, सुनेचं बाळंतपण कुठं करावं ते विचारायला, नाहीतर नातवाचं गळू दाखवायला. बोलणं संपतं, चिठ्ठी हातात पडते, आणि चप्पल घालता घालता ती थांबते. "बाई, अजून एक दावायचं व्हतं. पोटरीला ह्या हिरव्या-जांभळ्या रेघा उठल्यात. काही वंगाळ तर न्हाई ना?"

या प्रश्नामागं बरंच काही साचलेलं असतं. कुणी सांगितलेलं असतं की रक्त गोठलंय, कुणी सांगितलेलं असतं की नस फुटलीय, आता लकवा मारेल. कुणी जळवा लावून घेतलेल्या असतात. आणि अनेकींना घरातून एकच उत्तर मिळालेलं असतं: वय झालं की असं होतंच, गप बस. भीती आणि दुर्लक्ष ही दोन्ही टोकं एकाच घरात नांदताना मी पाहते.

अशा वेळी मी तिला पुन्हा खुर्चीवर बसवत नाही आणि टेबलावर झोपवतही नाही. खिडकीजवळ एक ठेंगणा स्टूल ठेवला आहे, त्यावर उभं राहायला सांगते. साडी गुडघ्याच्या वर, दोन्ही पाय उघडे, तोंड आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे. एक-दोन मिनिटं तशीच उभी राहू देते. झोपलेल्या माणसाच्या पायातल्या शिरा रिकाम्या होतात, त्यामुळे त्यांचा दोष झाकला जातो. उभं राहिल्यावर जे भरतं, फुगतं, तेच खरं दुखणं. बघण्याची ही पद्धत साधी आहे, तिला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. तरी ती वगळली जाते, कारण गर्दीत बाईला साडी वर घ्यायला सांगणं अवघड वाटतं आणि तिला तर त्याहून अवघड वाटतं. म्हणून पडदा आणि दार या दोन गोष्टींकडे माझं औषधांइतकंच लक्ष असतं.

पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवणं हे शरीराचं रोजचं मोठं काम आहे. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. १६०३ साली पादुआच्या फॅब्रिशियसने या झडपांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा आधार घेतला. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मी हे विहिरीच्या मोटारीवरून समजावते. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटार बंद करताच वर चढलेलं पाणी परत विहिरीत जातं. शिरेची झडप ढिली झाली की रक्ताचं तेच होतं. पुढचं त्याला सांगावं लागत नाही, गळका व्हॉल्व्ह शोधल्याशिवाय गळणं थांबत नाही हे तो स्वतःच म्हणतो.

स्थिर उभं राहिलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच माणूस चालू लागला की निरोगी पायात तो ३०च्या खाली येतो. झडपा बिघडलेल्या पायात चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर चढा राहिलेला हा दाब पुढं सूज, खाज, काळसर कातडी आणि शेवटी न भरणारी जखम इथपर्यंत नेतो.

पण प्रत्येक रेघ या वाटेवरची नसते. एक मिलिमीटरहून बारीक, लाल-निळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात त्या स्पायडर व्हेन्स. एक ते तीन मिलिमीटरच्या, कातडीखाली हिरवट-निळ्या दिसणाऱ्या त्यांच्या पुढच्या. उभ्याने तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरणाऱ्या, वेड्यावाकड्या, हाताला लागणाऱ्या त्या व्हेरिकोज व्हेन्स. जगभरचे डॉक्टर यासाठी सीईएपी नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात सी-वन म्हणजे नुसत्या बारीक रेघा, आणि सी-सिक्स म्हणजे उघडी जखम. सी-वनमधले बहुतेक लोक आयुष्यभर सी-वनमध्येच राहतात. एडिनबर्ग शहरात १८ ते ६४ वयाच्या दीड हजारांवर लोकांचे पाय तपासले होते, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या पायावर अशा बारीक रेघा सापडल्या. म्हणजे रेघ असणं हेच जवळजवळ सर्वसाधारण. हे ऐकल्यावर बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो तो मला औषधाइतका मोलाचा वाटतो.

तरीही उभ्याने बघण्याचा आग्रह मी सोडत नाही, त्याचं कारण हळद.

फेब्रुवारी ते एप्रिल हा आमच्या जिल्ह्यात हळदीचा हंगाम. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची रास लागते. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीमागं बायांचे हात आहेत हे सगळे सांगतात, पायही आहेत. पाला कापायचा, खणलेले कंद वेचायचे, हळकुंड आणि गड्डे वेगळे करायचे, कुकरमधून शिजवून काढलेली हळद ताडपत्रीवर पसरायची, परतायची. यात चालणं थोडं, एका जागी उभं राहणं आणि उकिडवं बसणं फार. वर उन्हाळा. उष्णतेने शिरा आणखी सैलावतात, म्हणून उन्हाळ्यात पाय जास्त भरून येतात.

अशीच वसमत तालुक्यातली एक पंचेचाळिशीतली बाई खाजेसाठी आली. "पाय लई ठणकायलेत, अन् रातच्याला गोळे येयलेत," म्हणाली. घोट्याच्या आतल्या बाजूला बारीक निळ्या-लाल रेघांचा पंखा पसरला होता. तिने त्याला खाजेचं मलम लावलं होतं, मेडिकलवाल्याने दिलेलं. झोपवून पाहिलं असतं तर दोन गोष्टी दिसल्या असत्या, रेघा आणि खाज. स्टूलवर उभी केल्यावर मांडीच्या आतून पोटरीपर्यंत बोटाएवढी जाड नस भरून आली. जांघेत हात ठेवून खोकायला सांगितलं, तर आतून धक्का बोटांना लागला. पंख्याच्या वरची कातडी काळसर तपकिरी आणि दाबून पाहिली तर टणक झालेली. घोट्याजवळचा असा पंखा वेगळा ओळखावा लागतो. मांडीवरच्या रेघा बहुधा निरुपद्रवी. घोट्याच्या आत पंख्यासारख्या उमटलेल्या रेघा मात्र वरच्या मोठ्या शिरेतला दाब सांगतात. २०२० साली सीईएपीची उजळणी झाली तेव्हा या खुणेला सी-वनमधून काढून कातडीच्या बिघाडाच्या रांगेत, सी-फोरमध्ये, जागा दिली गेली.

डॉपलर सोनोग्राफीत मांडीतली मोठी वरवरची शीर, सफीनस, गळत असल्याचं दिसलं. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर त्या शिरेची झडप नादुरुस्त धरतात. हिचं त्याहून कितीतरी जास्त वेळ वाहत होतं. मी तिला नांदेडला पाठवलं. तिथं ती शीर रेडिओफ्रीक्वेन्सीने आतून उष्णता देऊन बंद करण्यात आली. चिरा नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी चालत घरी. पुढच्या भेटीत गोळे थांबले होते, खाज गेली होती. काळसरपणा राहिला, तो फार हळू उतरतो आणि पूर्ण जात नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मपल्या मायचे बी पाय असेच व्हते. तिची जखम शेवटपर्यंत भरली न्हाई." हा आजार घराण्यात चालतो हे पुस्तकात आहेच. पण आईच्या पायाला जी जखम झाली ती लेकीच्या पायाला होऊ न देणं आज हिंगोलीसारख्या ठिकाणाहूनही शक्य आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तिच्या घोट्यावरच्या रेघांना नुसतं इंजेक्शन दिलं असतं, तर वरचा दाब तसाच राहून रेघा पुन्हा उमटल्या असत्या आणि पैसे मातीत गेले असते.

दुसऱ्या टोकाला असतात भरतीची तयारी करणारी मुलं. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे मैदानावर धावणारी पोरं-पोरी हे इथलं रोजचं दृश्य. निमलष्करी दलांच्या भरतीत व्हेरिकोज व्हेन्स असलेला उमेदवार वैद्यकीय चाचणीत बाद होतो, तसा नियमच आहे. त्यामुळे गुडघ्यामागं दोन निळ्या रेघा दिसल्या तरी मुलांची झोप उडते. असाच एक मुलगा कळमनुरीकडून बापाला घेऊन आला. बापाने कर्ज काढायची तयारी केली होती, "काय लागंल ते करा, पण पोरगं बाद व्हायला नको." उभा केला, पाहिला, डॉपलर करून घेतली. नुसता सी-वन. कुठल्याही उपचाराची गरज नव्हती, आणि मी तसं लिहून दिलं. अंतिम निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो हेही सांगितलं. त्याच मैदानावरचा दुसरा एक मुलगा मात्र पोटरीवरचा फुगवटा व्यायामाने कमावलेला समजत होता. ती खरी व्हेरिकोज नस होती. वेळेवर कळल्याने त्याला उपचार करून घेता आला. हा बायकांचाच आजार, असा आपल्याकडे समज आहे. एडिनबर्गच्या त्याच पाहणीत जाड नसांचं प्रमाण पुरुषांत सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३२ टक्के निघालं होतं.

आता त्या नुसत्या रेघांचं, ज्या दुखत नाहीत, वाढत नाहीत, फक्त दिसतात. त्या घालवाव्यात का? माझे काही सहकारी म्हणतात, इथं सिझर आणि अपेंडिक्सला वेळ पुरत नाही, रेघा काय घालवत बसायच्या! मला हे पटत नाही. एक शिक्षिका आली होती, दुसऱ्या बाळंतपणानंतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला रेघांचं जाळं झालेलं. तिने सगळं समजून घेतलं, धोका नाही हे ऐकलं, आणि तरी म्हणाली, "मॅडम, धोका नाही हे कळलं. पण अंघोळ करताना रोज मलाच दिसतं, आणि मला ते नको आहे." नवऱ्याने काही म्हटलेलं नव्हतं, सासूने म्हटलेलं नव्हतं. तिची स्वतःची इच्छा होती, तिने साठवलेले पैसे होते. हिंगोलीतल्या बाईला आपल्या शरीराबद्दल अशी इच्छा असू नये, ती फक्त पुण्या-मुंबईच्या बाईला शोभते, असं मानण्याचा अधिकार मला नाही. माझं काम तिला खरं सांगणं, आणि करायचं ठरलं तर नीट करणं.

या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. पाय तपासायचा उभ्याने, पण सुई टोचायची झोपवून. स्पिरिटने पुसल्यावर कातडी चमकते आणि रेघा स्पष्ट दिसतात. डोळ्यांना भिंगाचा चष्मा, हातात ३० नंबरची केसासारखी बारीक सुई, टोकाशी किंचित वाकवलेली. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची आणि सुई जवळजवळ आडवी ठेवून रेघेत शिरवायची. औषध पॉलिडोकॅनॉल, अर्धा टक्का ताकदीचं. थेंबभर पुढं सरकवलं की लाल-निळी रेघ डोळ्यांदेखत पुसली जाते. तिच्या फांद्याही पांढऱ्या होत जातात, मग हळूहळू गुलाबी होतात, भोवती गांध उठते, थोडं चुणचुणतं. हाताला जरा अडल्यासारखं वाटलं, कातडी फुगली किंवा पांढरा ठिपका पसरायला लागला, की तिथंच थांबायचं. औषध शिरेबाहेर किंवा चुकीच्या जागी गेलं तर व्रण होऊ शकतो. घाई करणाऱ्याने हे काम करू नये.

औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, भिंती चिकटतात, आणि शरीर ती शीर शोषून घेतं. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून त्याच दिवशी रेघा गायब होतील असं मी कुणाला सांगत नाही. एका बैठकीत सगळं आटपत नाही, दोन बैठकींत काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सुईच्या वाटेने तपकिरी डाग उमटू शकतो. तो बहुधा उतरतो, पण कित्येक महिने टिकतो. काहींना त्या जागी लाल रेघांचं आणखी बारीक जाळं येतं. फार क्वचित गुठळी होते किंवा ॲलर्जी येते. नव्या रेघा पुढंही येऊ शकतात, कारण शरीराची ठेवण बदलत नाही. हे सगळं ऐकून बऱ्याच जणी विचार बदलतात. शिक्षिकाबाईंनी बदलला नाही, आणि निकालावर त्या समाधानी आहेत. डाग त्यांच्या पायावरही काही महिने होता.

लेझरचं विचारणारे पुष्कळ. पायाच्या रेघांसाठी इंजेक्शनच बहुधा आधी वापरतात. लेझरचा प्रकाश कातडीतल्या रंगद्रव्यातही शोषला जातो, त्यामुळे सावळ्या कातडीला भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका जास्त. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सावळ्या कातडीला सुरक्षित, तोही जाणकाराच्याच हाती. रेघा घालवण्याच्या क्रीमची जाहिरात मोबाइलवर पाहून येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, वरून लावलेल्या क्रीमने शीर बंद होत नाही.

काही वेळा नुसतं थांबणं हाच उपचार. गरोदरपणात रेघा उठतात, नसा फुगतात, कारण रक्ताचं प्रमाण वाढतं, हार्मोन बदलतात आणि वाढत्या पोटाचा दाब येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्यातल्या कितीतरी आपोआप ओसरतात. त्या काळात सुई नको. पण एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण ती आतल्या शिरेतली गुठळी असू शकते. पुरुषाच्या छातीवर, खांद्यावर मधोमध लाल ठिपका आणि त्यातून फुटलेल्या रेघा दिसल्या तर मी पायाकडे बघत नाही, लिव्हरकडे बघते. मधला ठिपका दाबला की रेघा पुसट होतात आणि सोडला की मधून बाहेर भरत जातात. दारू पिणाऱ्यांत ही खूण अनेकदा पोटात पाणी होण्याच्या आधी दिसते.

मोज्यांचं म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंगचं लिहून देणं सोपं, वापरणं अवघड. भर उन्हाळ्यात हळदीच्या रानात घट्ट मोजे कोण घालणार? मी म्हणते, निदान सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवा, दुपारच्या सुट्टीत काढा, रात्री नको. मोज्याने रेघा जात नाहीत, सूज आणि ठणका कमी होतो. मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पावलाची नाडी तपासल्याशिवाय घट्ट मोजे मी देत नाही, रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर नुकसान होतं. मोजे जमत नसतील तर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चाला, उभ्या उभ्या टाचा वर-खाली करा, रात्री पायाखाली उशी घ्या. हे फुकटचे उपाय तितक्याच गांभीर्याने सांगितले तर लोक करतात.

आणि एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. घोट्याजवळची फुगलेली नस काट्याने किंवा खाजवून फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते, माणूस घाबरतो, आणि घरचे वर दोरी आवळतात. दोरीने रक्त आणखी वाहतं. माणसाला आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापड घडी करून त्या जागेवर घट्ट दाबून ठेवा. बहुतेक वेळा काही मिनिटांत रक्त थांबतं. मग दवाखान्यात या.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, वर्षाला १०० मुलं-मुली शिकायला येतात. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, ते रक्तदाब आणि साखर तपासतात, आणि गावोगावी आशाताई आहेत. माझी या सगळ्यांकडे मागणी छोटी आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला आणि बाप्याला वर्षातून एकदा उभं करून घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पाय बघा. मांडीवर नुसत्या रेघा असतील तर निर्धास्त करून घरी पाठवा. घोट्याच्या आत पंखा दिसला, कातडी काळी पडली असेल, नस बोटाला लागत असेल, तर त्याच आठवड्यात सर्जनकडे पाठवा. शिरेमुळे होणारी पायाची जखम वर्षानुवर्षं चिघळते आणि मजुरी बुडवते. ती होण्याआधी तिचा माग काढायला हिंगोली जिल्ह्यात आज जे आहे तेवढं पुरेसं आहे.